पौषातली घटका

बाई,

काल माझी नात परीक्षेहून घरी आली, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि म्हणाली, "आजी, येत होतं गं सगळं, पण वेळच पुरला नाही." मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, पहिल्या प्रश्नाला किती पानं लिहिलीस? ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "चार." मला हसू आवरेना. पोरगी चिडली, पाय आपटत आत गेली आणि आईजवळ माझी तक्रार करून आली. तिला कसं सांगू की मी तिला नाही, मलाच हसत होते. आज दुपारी घर शांत आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं. तरी लिहिते, कारण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मला अजूनही अंगात बळ आल्यासारखं वाटतं.

आसेगावच्या शाळेत तेव्हा चौथीपर्यंतच वर्ग होते. चौथी झालेली मुलगी म्हणजे शिकून शहाणी झालेली, आणि लगेच घरात पाहुण्यांची ये-जा सुरू. तुम्ही वाशीमहून बदली होऊन आलात, एकट्या राहायला लागलात आणि गावानं तुमच्याबद्दल सतरा गोष्टी सांगायला सुरुवात केली. तुम्ही कुणालाच भीक घातली नाहीत. काळी छत्री काखेत मारून तुम्ही अशा झपाझप चालायच्या की समोरून येणारा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. त्याच तोऱ्यात तुम्ही एक दिवस आमच्या ओसरीवर आलात आणि बाबांना म्हणालात की हिला मी घरी शिकवते, बाहेरून मराठी सातवीला बसवते, पास झाली की हीसुद्धा मास्तरीण होईल. बाबांना त्यातलं निम्मं कळलं असेल. पण तुमच्यापुढे नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. मी पहिल्यांदा बसले आणि नापास झाले. भूगोलात गेले, इतिहासातही गेले.

तो दिवस मला लख्ख दिसतो. किन्हीराजा गावचे पाहुणे मला पाहून गेलेले, त्यांना मी पसंत, फक्त बाबांच्या होकारासाठी गाडी अडलेली. बाबा तुमच्या दारात उभे आहेत, डोक्यावरचं पागोटं हातात घेतलेलं. मी त्यांच्या पाठीमागे तोंड लपवून. बाबा म्हणतात, "बाई, पोरगी हुशार हाये असं तुमीच म्हनत होत्या ना? मंग नापास कशी झाली, थे मले सांगा."

"तिले सगळं येते म्हणून नापास झाली," तुम्ही म्हणालात.

"हे कोनतं गनित?"

"एक डाव अजून बसू द्या. मंग सांगते."

बाबांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, "एक डाव. पाहुने खोळंबून राह्यले, त्याइले म्या किती दिस थांबवू? या डावा पास झाली तर तिचं नशीब, आन् नाई झाली तर अक्षता टाकाले तुमालेच बलावतो." बाबा वाईट नव्हते. माझ्या वयाच्या मुली कडेवर पोर घेऊन माहेरी येत होत्या आणि गाव बाबांना रोज काहीतरी ऐकवत होतं. एवढं करून त्यांनी मला एक वर्ष दिलं. पण मला आतून ठाऊक होतं की त्यापलीकडे काही नाही. मला मास्तरीण व्हायचं होतं, बाई. तुमच्यासारखं झपाझप चालायचं होतं आणि स्वतःच्या घराला स्वतःची कडी लावायची होती. हे मी तेव्हा मायलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बोलावलंत. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापत होतात. मला वाटलं, आता भूगोलाचं पुस्तक काढायला सांगतील. तुम्ही भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि सहज विचारलंत, "तुमच्या वावरातल्या विहिरीले पाणी किती हाये गं?" मला बरं वाटलं. मी म्हणाले, बाई, ही विहीर आमच्या आजोबांनी खणली. आधी ते पलीकडच्या धुऱ्यावर, बांधालगत खणणार होते, पण तिथं खडक लागला. मग पाणाड्या बोलावला, त्याने नारळ हातावर धरला. तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. भाकरीचा वास यायला लागला. मी पाणाड्याची गोष्ट संपवून विहिरीच्या बांधकामावर आले. भाकरी धुरावली. मी सांगितलं, "बाई, भाकर करपून राह्यली." तुम्ही म्हणालात, "करपू दे. तुह्यं उत्तर होऊ दे." मी पुढे बोलत गेले आणि पाण्यापर्यंत पोहोचले तेव्हा तव्यावर कोळसा झाला होता. तुम्ही तो ताटात घालून माझ्यापुढे सरकवलात. "हा तुह्या भूगोलाचा पेपर. खाय आता."

मी रडले. पण रडता रडता मला उमजलं की मी परीक्षेत काय केलं होतं. प्रश्न होता वऱ्हाडातल्या दोन नद्यांचा, आणि मी वऱ्हाडच्या चतुःसीमेपासून सुरुवात केली होती, कारण धडा तिथून सुरू होत होता. सगळ्यांनी मिळून सुरात म्हणून पाठ केलेला धडा, तो मधूनच कसा सुरू करणार? आणि दुसरं कारण त्याहून खोल होतं. आमच्याकडे मोठ्या माणसानं काही विचारलं आणि तेवढंच सांगून गप्प बसलं की तो उद्धटपणा. "बाबा कुठं हाये?" असं कुणी विचारलं तर "वावरात" एवढंच म्हणणाऱ्या पोरीला घरी फटके. बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, घरच्यांची खुशाली सांगायची आणि मग बाबांवर यायचं. पेपर तपासणारा तर केवढा मोठा माणूस! त्याला मी तुटकं उत्तर कसं देणार? पाहुण्याला वाढावं तसं घरात होतं नव्हतं ते सगळं मी त्याच्या ताटात वाढलं होतं. पहिल्या तीन प्रश्नांत तो तुडुंब जेवला आणि उरलेले प्रश्न कोरे राहिले. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अवं, त्याच्यापुढे शंभर पोरांचे पेपर पडले हायेत. त्याले फक्त मीठ पाह्यजे, आन् तू पुरन घेऊन मांग लागली!"

मग नखाची शिकवणी सुरू झाली. प्रश्न वाचायचा आणि त्यात जो शब्द काहीतरी मागतो त्याच्यावर नख दाबायचं. कागदावर खूण करायची नाही, फक्त नख. का, कसे, कोणते, फरक सांगा, थोडक्यात लिहा. नख दाबलेलं असताना स्वतःला विचारायचं, हा माणूस काय मागून राह्यला? मागितलं ते पहिल्या वाक्यात. तुम्ही मला दिवसभर छळलंत. पाणी भरायला निघाले की हाक मारून काहीतरी विचारायच्या, आणि मी एक शब्द जास्त बोलले की मागे फिरवायच्या. घरी मी बाबांना तशीच नेमकी उत्तरं द्यायला लागले. माय घाबरली. "पोरीले कोनाची नजर लागली काय? धड बोलतबी नाई." तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि चुलीत घातल्या.

प्रश्न समजायला लागला, पण वेळ हातात येईना. गावात घड्याळ होतं ते पाटलांच्या घरी, आणि ते बंद पडलेलं. उन्हावर दिवस मोजता येतो, उत्तर मोजता येत नाही. तेव्हा पौष लागला आणि तुम्हाला ती नामी युक्ती सुचली. पौषात लग्नं होत नाहीत, म्हणून जोशीबुवांची घटका रिकामी पडून होती. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर सोडतात ती तांब्याची वाटी. तिच्या तळाला बारीक भोक, पाणी हळूहळू आत चढतं, वाटी भरली की बुडते, ती एक घटका. जोशीबुवा आधी तयार होईनात. म्हणाले, "बाई, ते मंगलकार्याचं पात्र हाये." तुम्ही म्हणालात, "माह्यंबी मंगलकार्यच हाये. तुमचं एका दिसाचं, माह्यं जन्माचं." त्यांनी वाटी दिली, फक्त खरकटं लागू देऊ नका म्हणून तीनतीनदा बजावलं.

पदराखाली झाकून वाटी घेऊन तुमच्या घरी जाताना मला कुणीतरी पाहिलं. संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर बाया जमल्या. शेजारीण मायला म्हणाली, "काहून वं, पोरीची घटका मांडली म्हने बाईच्या घरी? आमाले हळदीलेबी नाई बलावलं!" दुसरी म्हणाली, "आन् पौषात? पौषात कोनी लगन करते काय?" माय सगळ्यांना पाणी देत सुटली. बाबा वावरातून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तरातरा तुमच्या घरी आले. त्यांनी दारातून पाहिलं ते असं: घंगाळात वाटी तरंगते आहे, पुढ्यात मी पाटावर ओणवी होऊन लिहिते आहे, तुम्ही निवडायला घेतलेली तूर सुपात तशीच पडलेली. वाटी बुडाली. तुम्ही ओरडलात, "टाक वर!" मी वाक्य अर्धं सोडून टाक वर उचलला. बाबा मागल्या पावली परत फिरले. घरी येऊन बायांना म्हणाले, "लगन नाई लागून राह्यलं. पोरगी पान्याशी शर्यत लावून राह्यली." गावात पुढे कितीतरी दिवस हे चघळायला झालं.

ती शर्यत मी रोज हरत होते. एका घटकेत एक प्रश्न, वाटी बुडाली की पुढचा, वाक्य कुठंही असो. हा नियम मला जाचायचा. अर्धं वाक्य सोडायचं म्हणजे ताटावरून अर्ध्यात उठायचं. मी एकदा तुमच्याशी भांडले. म्हणाले, दोनच शब्द राहिले होते, तेवढे लिहू द्यायला काय झालं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "दुसऱ्या प्रश्नानं तुह्यं काय घोडं मारलं? त्याचा वाटा ह्याले कायले देते?" ते मला पटलं. तुम्ही आणखी एक सांगितलंत, ज्याने मी हादरलेच: पहिला प्रश्न पहिला सोडवायची सक्ती नाही, येतो त्याच्यापासून सुरू कर. आमच्याकडे ताटात आधी मीठ, मग चटणी, मग भाजी. कुणी खिरीपासून वाढायला घेतलं तर जेवणारा उठून जाईल. पाचवा प्रश्न आधी लिहिताना मी दोनदा तुमच्याकडे वळून पाहिलं. पण वाटी बुडायच्या आत तो पुरा झाला, वर थोडं पाणी चढायचं बाकीच होतं, आणि मी पाटावरून उडी मारली. तुम्ही रागावला नाहीत. तूर बाजूला सारून मला गुळाचा खडा दिलात आणि लगेच वाटी पालथी करून म्हणालात, "चल, दुसरा."

माघ लागला आणि जोशीबुवा वाटी मागायला आले. लग्नसराई सुरू होणार होती. मी हिरमुसले, पण तुम्ही तर वाटच पाहत होता. तुम्ही म्हणालात की वाशीमला परीक्षेत कोणी घंगाळ मांडून ठेवणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला लिहायला बसवायच्या, घटकाभरात किती सुपं निवडून होतात ते आधीच मोजलेलं, त्या हिशेबाने स्वतः आपल्या कामाला लागायच्या, आणि मी मनानेच ओळखून "बुडाली" म्हणायचं. आधी माझा अंदाज भलतीकडेच जायचा. मग हळूहळू मनगटाला कळायला लागलं. हात कुठवर आला की भरून येतो, टाकाची शाई कितव्यांदा संपत आली, पाय मुंग्यांनी कधी भरतो, सगळं शरीर सांगायला लागलं. फाल्गुनात गावात एक लग्न होतं. मांडवात जोशीबुवा घंगाळापाशी डोळे लावून बसलेले. मी बायांच्या गर्दीत मागे उभी होते, आणि वाटीकडे न पाहता हळूच पुटपुटले, "बुडाली." त्याच क्षणी जोशीबुवांनी हात वर केला आणि वाजंत्री सुरू झाली. बाजूला तुम्ही होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, फक्त माझं मनगट दाबलंत. बाई, त्या दाबण्याने मला जे मिळालं ते पुढे कुठल्या सत्कारात मिळालं नाही.

मग वाशीम. बाबांनी बैलांची दमणी जुंपली, माय वेशीपर्यंत आली. तुमच्या माहेरी मुक्काम झाला. परीक्षेच्या दालनात बहुतेक मुलगेच, आम्ही मुली एका कोपऱ्यात. भूगोलाचा पेपर हातात पडला आणि माझी नजर चौथ्या प्रश्नावर अडली, तो वऱ्हाडचा होता. वऱ्हाडात भातापेक्षा कापसाचे पीक जास्त का, ते थोडक्यात लिहा. माझा सगळ्यात आवडता धडा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पाठ. हात आपोआप लिहायला लागला: वऱ्हाड प्रांताच्या उत्तरेस. माझ्याच हाताला मी पाहत होते. मग मी डाव्या हाताचं नख प्रश्नातल्या 'का'वर आणलं आणि दाबलं, 'थोडक्यात'वर दाबलं. आणि लिहिलेलं मी खोडलं. आडवी एकच रेघ. बाई, त्या रेघेने मला किन्हीराजाच्या सासरातून बाहेर काढलं असं मी आजही म्हणते. काळी जमीन ओल धरते, भाताला साचून राहील इतका पाऊस इथं पडत नाही, कापसाला तो पुरतो, आणि पिकलेला कापूस घ्यायला गावोगाव सरकी काढणारे जिन आणि बाजार आहे. एवढंच लिहिलं. शेजारची मुलगी त्या प्रश्नाचं दुसरं पान उलटत होती. मी पुढच्या प्रश्नावर गेले. गणिताच्या पेपरात एक उदाहरण अडलं, त्याला मी नमस्कार केला आणि जागा सोडून पुढे सरकले, परत आले तेव्हा ते सुटलं. कोरा राहिलेला एकही प्रश्न नव्हता. एकही नव्हता, बाई.

निकालाच्या दिवशी मी वावरात होते. उन्हात लांबून कुणीतरी येताना दिसलं आणि चालण्यावरून ओळखलं. छत्री हातात, पण मिटलेली. उघडायचंसुद्धा तुम्हाला भान नव्हतं. धुऱ्यावरूनच तुम्ही ओरडलात, "पास! पहिल्या वर्गात पास!" नेहमी भारदस्त वागणाऱ्या तुम्ही, ढेकळांतून ठेचकाळत पळत होता. बाबांनी वखर थांबवला, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि तुम्हाला विचारलं, "मंग आता सांगा, थे कोनतं गनित होतं?" तुम्ही धापा टाकत म्हणालात, "आता तिले सगळं येते, पन सगळं सांगत नाई." बाबा इतके मोठ्याने हसले की शेजारच्या वावरातली माणसं पाहायला आली. किन्हीराजाला त्यांनी त्याच आठवड्यात निरोप धाडला: पोरगी मास्तरीन होनार हाये, थांबत असान त थांबा, नाईतर दुसरीकडे पाहा. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. बाबांनी हा निरोप पुढे जन्मभर गावाला ऐकवला, आणि दर वेळी तो जरा जास्तच कडक होत गेला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ट्रेनिंग झालं, मी मानोऱ्याकडे नोकरीला लागले, तांड्यांवरच्या पोरींना शाळेत आणायला दारोदार फिरले. तिथल्या पोरीही असंच सगळं वाढायच्या, आणि मी त्यांना नख दाबायला शिकवलं. त्यातल्या कितीतरी मास्तरिणी झाल्या, एक नर्स झाली. मी माझ्या घराला माझी कडी लावली. लग्नही केलं, माझ्या मनासारखं आणि माझ्या वेळेला. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात होते. पोरींना लिहायला सांगून मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि खूप रडले. तुमची फार आठवण येते, बाई. हे तोंडावर सांगायची आपल्याकडे पद्धत नव्हती.

लोक मला विचारत, एवढं कसं जमलं, आणि मी दर वेळी तुमचं नाव घेत आले. ते खरंच होतं. पण त्या दालनातली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. भूगोलाचा पेपर संपला तेव्हा घंटा व्हायला अवकाश होता. सगळे मान खाली घालून लिहीत होते, टाक कुरकुरत होते. मी टाक पुसून ठेवला, हात मांडीवर घेतले आणि बसून राहिले. जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ रिकामा वेळ होता, कुणी दिलेला नाही, मी मिळवलेला. निकाल लागायचा होता, तरी मला कळलं होतं की मी जिंकले. खिडकीतून ऊन येत होतं आणि मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. मनात एकच वाक्य होतं: हे मी केलं, मी एकटीनं. त्या सगळ्या वेळात, बाई, मला तुमची एकदाही आठवण झाली नाही.